विजेची कणगी

(साक्षरता वर्गातील मंडळींपुढे केलेले भाषण)



आज आपण विजेच्या एका वस्तूविषयी बोलणार आहोत. गावात तिला कोणी बॅटरी म्हणतात, कोणी इन्व्हर्टर म्हणतात. लाइट गेली की या वस्तूवर दिवा लागतो, पंखा फिरतो, मोबाईल चार्ज होतो.

पूर्वी खेड्यातल्या घरात विजेचा एखादा दिवा असे. तो गेला तर कंदील लावून काम भागे. आता तसे नाही. मुलांचा अभ्यास मोबाईलवर येतो. बँकेचा निरोप मोबाईलवर येतो. बाजारभावही तिथेच कळतो. पावसाळ्याच्या रात्री अंधारात पाय कशावर पडेल याचा नेम नसतो. घरात तान्हे मूल असले, आजारी माणूस असले, तर पंख्यावाचून रात्र जात नाही.

सन २००५ नंतरची काही वर्षे आठवा. महाराष्ट्रात तेव्हा भारनियमन फार कडक होते. खेड्यांत रोज कित्येक तास वीज नसे. त्या दिवसांत ही वस्तू पुष्कळ घरांत आली. त्या मानाने आता बरे आहे. पण वादळ झाले, तार तुटली, डीपी जळाली, की अंधार आलाच.

तेव्हा ही वस्तू कामाची आहे, यात शंका नाही. पण ती स्वस्त नाही. तिला हजारो रुपये पडतात. कोणी पीक विकून आणतो, कोणी हप्त्याने आणतो. आणि दोन वर्षांत ती बंद पडली, की कपाळाला हात लावतो. म्हणतो, "दुकानदारानं फसवलं!" कधी तसे घडतही असेल. पण पुष्कळदा झालेले असते वेगळेच. बॅटरीवर, तिच्या पुस्तकात, गॅरंटीच्या कार्डावर सगळे लिहिलेले असते. ते कोणी वाचलेलेच नसते.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. बेरीज, गुणाकार, भागाकार शिकला आहात. ही विद्या येथे उपयोगी पडते.

कणगी धान्य पिकवत नाही

तुमच्या घरी धान्याची कणगी असेल. कणगीत ज्वारी पिकते काय? नाही. ज्वारी शेतात पिकते. कणगीत ती साठवतात. भरली तेवढीच निघते. त्यातही थोडी किडीला जाते, थोडी सांडते.

बॅटरी ही विजेची कणगी आहे. ती वीज तयार करत नाही. लाइट असते तेव्हा ती भरते. लाइट जाते तेव्हा ती रिकामी होते. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

या बॅटरीच्या पोटात शिशाच्या पट्ट्या असतात. त्या ॲसिड मिसळलेल्या पाण्यात बुडालेल्या असतात. गॅस्टन प्लांटे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने सन १८५९ मध्ये ही युक्ती शोधली. आज दीडशे वर्षांहून अधिक काळ ती चालत आली आहे.

आता इन्व्हर्टर म्हणजे काय? बॅटरीतली वीज एकाच दिशेने वाहते. तिचा जोर १२ व्होल्ट असतो. घरातली वीज झोपाळ्यासारखी मागेपुढे होते. सेकंदाला ५० झोके! तिचा जोर २३० व्होल्ट असतो. बॅटरीच्या विजेचे घरच्या विजेत रूपांतर करणारी जी पेटी, तिला इन्व्हर्टर म्हणतात. लाइट आली की हीच पेटी बॅटरी पुन्हा भरते. म्हणजे बॅटरी ही कणगी, आणि इन्व्हर्टर हा तिचा कारभारी.

अंथरूण पाहून पाय पसरावे

आता पाटी-पेन्सिल घ्या. आपण हिशेब करू.

बॅटरीवर दोन आकडे असतात. एक १२ व्होल्ट. दुसरा १५० एएच, किंवा असाच कमी-जास्त. या दोहोंचा गुणाकार करा.

१२ गुणिले १५० बरोबर १८००.

ही झाली कणगीची माप. पण कणगी तळापर्यंत खरवडायची नसते. बॅटरी दर वेळी पार रिकामी केली, तर ती लवकर मरते. शिवाय इन्व्हर्टरही आपली हमाली कापून घेतो. म्हणून १८०० चे आपण १००० च धरू. तेवढे हाती येतील असे समजून चालावे.

हे १००० म्हणजे किती? विजेच्या बिलावर युनिट लिहिलेले असते ना? ते एक युनिट! सिमेंटच्या गोणीएवढी जड ती बॅटरी, पण तिच्यातून आपल्या पदरात पडते एक युनिट. आणि ते एक युनिट काढण्यासाठी आधी साधारण दीड युनिट भरावे लागते. म्हणून ही वीज जपून वापरायची.

आता घरातल्या वस्तू बघा. प्रत्येक वस्तूवर वॅटचा आकडा लिहिलेला असतो. वॅट म्हणजे त्या वस्तूची भूक. आकडा मोठा, तर भूक मोठी.

एलईडी दिवा ९ वॅट. असे चार दिवे : ३६.
छताचा जुना पंखा ७५ वॅट. असे दोन पंखे : १५०.
टीव्ही : ५०.
दोन मोबाईल चार्जिंगला : २०.

सगळ्यांची बेरीज २५६. आता १००० ला २५६ ने भागा. साधारण चार आले. म्हणजे हे सगळे एकदम चालू ठेवले, तर चार तास चालेल. रात्री आठला लाइट गेली, तर बाराला घर पुन्हा अंधारात.

आता टीव्ही बंद करा. मोबाईल आधीच भरून ठेवा. दोनच दिवे ठेवा, एकच पंखा ठेवा. बेरीज आली ९३. आता तीच बॅटरी दहा तास चालेल. सकाळ होईल!

कमी वीज खाणारे नवे पंखे निघाले आहेत. त्यांना बीएलडीसी पंखे म्हणतात. असा पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो. दोन दिवे आणि असा एक पंखा, मिळून ४८. एक हजार भागिले ४८. वीस तास!

बघा मंडळी, बॅटरी तीच आहे. भूक कमी केली, तर तीच बॅटरी चार तासांच्या जागी वीस तास पुरते. मोठी बॅटरी घेण्याआधी दिवे आणि पंखे बदलता येतात का, ते बघा. पुष्कळदा ते स्वस्त पडते. घरात अजून ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब असेल, तर तो आधी काढा. एका बल्बच्या विजेवर एलईडीचे सहा दिवे लागतात.

काय लावू नये

विजेची इस्त्री हजार वॅट खाते. पाणी तापवायचा रॉड हजार-दीड हजार खातो. मिक्सर पाचशे खातो. शेतावरची एक हॉर्सपॉवरची मोटर ७४६ वॅटची, आणि सुरू होताना ती कित्येक पट जोर मागते. ही सगळी खादाड मंडळी. यांना बॅटरीच्या पंगतीला बसवू नये.

फ्रिजचेही तसेच. लहान इन्व्हर्टरला तो पेलत नाही. लाइट गेली की फ्रिजचे दार उघडू नका, म्हणजे झाले. बंद फ्रिज चार तास तरी गार राहतो. सारखे दार उघडून बघाल, तर दूध नासेल.

मग करायचे काय? घराचे वायरिंग करतानाच बॅटरीवरच्या वस्तू वेगळ्या काढायच्या. दोन-तीन दिवे, एक-दोन पंखे, एक मोबाईलचा प्लग. एवढीच वायर इन्व्हर्टरला जोडायची. मग चुकून कोणी इस्त्री लावली, तरी ती बॅटरीवर चालणार नाही.

घरात मुलांचा कॉम्प्युटर असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. लाइट गेल्यावर बॅटरीवर जायला इन्व्हर्टरला डोळ्याचे पाते लवेल इतका वेळ लागतो. दिव्याला ते कळत नाही. पण कॉम्प्युटर तेवढ्यात बंद पडतो आणि चाललेले काम बुडते. पुष्कळ इन्व्हर्टरवर 'यूपीएस' असे लिहिलेले बटण असते. ते लावले की हा बदल फार जलद होतो.

दुकानात काय वाचावे

दुकानात घाई करू नका. आधी वाचा.

इन्व्हर्टरवर 'व्हीए' असा आकडा असतो, समजा ९००. तो वॅटचा आकडा नव्हे. वॅट त्याहून कमी भरतात. म्हणून विचारा, "भाऊ, वॅट किती?"

'साइन वेव्ह' असे लिहिले असेल, तर ती वीज घरच्या विजेसारखी असते. 'स्क्वेअर वेव्ह' असेल तर दिवे लागतात, पण पंखा घूं घूं करतो आणि तापतो. थोडे पैसे जास्त गेले तरी पहिला प्रकार बरा.

बॅटरीचेही प्रकार असतात. जिथे रोज तासन्‌तास लाइट जाते, तिथे 'ट्यूब्युलर' बॅटरी टिकते. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी घरात लावू नका. ट्रॅक्टरची बॅटरी इंजिनाला एक जोराचा धक्का देण्यासाठी बनवलेली असते. रात्रभर हळूहळू वीज देणे हे तिचे काम नव्हे. शर्यतीच्या बैलाला नांगराला जुंपण्यासारखे ते आहे.

आता लिथियमच्या बॅटऱ्याही मिळतात. त्या हलक्या असतात. त्यांना पाणी घालावे लागत नाही. त्या जास्त वर्षे टिकतात, पण किंमतही जास्त असते. लिथियमच्या बॅटरीला तिच्या जोगा इन्व्हर्टर लागतो. जुन्या इन्व्हर्टरला ती तशीच जोडू नका. दुकानदाराला विचारून, पुस्तक वाचून मगच जोडा.

आणि गॅरंटीचे कार्ड! दुकानदार म्हणतो, "पाच वर्षांची गॅरंटी आहे." तुम्ही कार्ड हातात घ्या. त्यावर पुष्कळदा '३६ अधिक २४' असे काही लिहिलेले असते. याचा अर्थ काय? पहिल्या ३६ महिन्यांत बॅटरी बिघडली तर बदलून मिळते. पुढच्या २४ महिन्यांत बदलून मिळत नाही. नव्या बॅटरीच्या किमतीत काही सूट मिळते. दोन्ही मिळून साठ महिने झाले खरे, पण दोन्ही सारखे नाहीत. जिला वाचता येते तिला हा फरक कळतो.

कार्डावर तारीख, बॅटरीचा नंबर आणि दुकानाचा शिक्का आहे ना, ते जागेवरच बघा. बॅटरीवरचा नंबर आणि कार्डावरचा नंबर जुळवून बघा. पक्के बिल मागा. बिल आणि कार्ड सातबाऱ्याच्या कागदांबरोबर जपून ठेवा.

बॅटरीला तहान लागते

बॅटरी भरताना तिच्यातले थोडे थोडे पाणी उडून जाते. ते पुन्हा घालावे लागते. दोन महिन्यांनी एकदा बघत जा. उन्हाळ्यात महिन्याने बघा. पुष्कळ बॅटऱ्यांना सहा झाकणे असतात. प्रत्येक झाकणावर खूण असते. पाणी किती आहे ते त्या खुणेवरून कळते.

पाणी कोणते घालायचे? डिस्टिल्ड वॉटर. ते दुकानात मिळते. विहिरीचे नको, नळाचे नको, बोअरचे तर मुळीच नको. त्या पाण्यात क्षार असतात. ते शिशाच्या पट्ट्या खराब करतात. प्यायच्या पाण्याची बाटलीही नको. आणि ॲसिड तर कधीच घालू नका. उडते ते पाणी, ॲसिड नव्हे.

खुणेच्या वर भरू नका. जास्त भरले तर चार्ज होताना ॲसिडचे पाणी बाहेर येते. ते कपडे जाळते, फरशी खाते.

ज्या बॅटरीवर सीलबंद असे लिहिले असेल, ती उघडू नका. तिला पाणी घालायचे नसते.

आणखी एक गोष्ट. बॅटरी पुरी भरायला दहा-बारा तास लागू शकतात. लाइट आली की लगेच इन्व्हर्टर बंद करू नका. तिला पोटभर खाऊ द्या. अर्धपोटी बॅटरी लवकर मरते. नीट जपली तर ती चार-पाच वर्षे साथ देते.

जागा आणि जपणूक

आता नीट ऐका. हे पैशाचे नाही, जिवाचे आहे.

बॅटरी भरताना तिच्यातून हायड्रोजन नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. पण ठिणगी पडली तर त्याचा भडका उडतो, बॅटरी फुटते, ॲसिड उडते. म्हणून बॅटरी बंद कपाटात ठेवू नका. खाटेखाली ठेवू नका. चुलीजवळ, देवघरातल्या समईजवळ ठेवू नका. जिथे वारा खेळतो, ऊन-पाऊस लागत नाही आणि लहान मुलांचा हात पोचत नाही, अशी जागा निवडा. झाकण उघडले असताना विडी ओढू नका. आत बघण्यासाठी काडी पेटवू नका. विजेरी घ्या.

बॅटरीच्या दोन टोकांवर एकदम लोखंडी पाना पडला, तर तो लाल होतो. हातात अंगठी, कडे, धातूची बांगडी असेल, तर आधी काढून ठेवा. गळ्यातले पदराआड खोचून घ्या. टोकांवर पांढरा-हिरवा थर जमला, तर तो हाताने खरवडू नका. आधी इन्व्हर्टर आणि त्याचा प्लग बंद करा. मग थोड्या कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ओल्या फडक्याने पुसा. कोरडे करून वर थोडे व्हॅसलिन लावा.

आणि ॲसिड डोळ्यांत उडाले तर? लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. पंधरा-वीस मिनिटे धूतच राहा. डोळा चोळू नका. दूध, तूप, मध, काही घालू नका. मग तडक दवाखाना गाठा.

खांबावरच्या माणसाचा जीव

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

लाइट गेली की आपण वायरमनला फोन करतो. तो पावसात येतो, खांबावर चढतो. तार बंद आहे, या भरवशावर तो तारेला हात लावतो. अशा वेळी आपल्या घरातल्या बॅटरीची वीज उलटी तारेत गेली, तर काय होईल? २३० व्होल्ट माणूस मरायला पुरे आहेत.

ती उलटी कशी जाते? चुकीच्या जोडणीने जाते. कोणी दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करतात. एक टोक इन्व्हर्टरला लावतात, दुसरे घरातल्या बोर्डात खुपसतात. सगळे घर उजळते. पण तीच वीज मेन स्विचमधून बाहेरच्या तारेत जाऊ शकते. त्या वायरच्या उघड्या पिनेला घरातल्या मुलाचा हात लागला, तर तोही जाईल. अशी वायर घरात असेल, तर आज संध्याकाळीच तोडून टाका. जनरेटरलाही हाच नियम.

जोडणी परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. घराचे अर्थिंग नीट आहे का, तेही त्याच्याकडून बघून घ्या. शंभर-दोनशे रुपये वाचवायला जाल, आणि कोणाचा तरी कर्ता मुलगा खांबावर लटकेल.

सन २०२४ मध्ये सरकारने पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू केली. तेव्हापासून घरांच्या छपरांवर सूर्याची वीज करणाऱ्या काचा जास्त दिसू लागल्या. ज्यांच्याकडे त्या काचा आहेत पण बॅटरी नाही, ते लोक विचारतात, "भर उन्हात लाइट गेली, तर आमचंही घर बंद कसं पडतं?" तो बिघाड नाही. बाहेरची लाइट गेली की ते यंत्र आपण होऊन थांबते. का? खांबावरच्या माणसाला धक्का बसू नये म्हणून! यंत्र ज्याची काळजी घेते, त्याची आपण माणसांनी घ्यायला नको का?

कणगी रिकामी झाली तर

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. रायगड आणि रत्नागिरीत विजेचे खांब आडवे झाले. कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. अशा वेळी बॅटरी एक रात्र साथ देते, दुसऱ्या रात्री ती रिकामी. भरणार कोण?

म्हणून ज्यांना जमेल त्यांनी बॅटरी भरण्यापुरती सूर्याची एक काच छपरावर बसवावी. मात्र ती बॅटरीला थेट जोडू नये. मध्ये चार्ज कंट्रोलर नावाची छोटी पेटी लागते. ती बॅटरीला गरजेपेक्षा जास्त भरू देत नाही. मग ऊन हे शेत आणि बॅटरी ही कणगी. वादळाची बातमी आली, की आधी बॅटरी पुरी भरून घ्या. मोबाईल भरून घ्या. आणि घरात एक कंदील ठेवाच. तो जुना झाला म्हणून टाकू नका.

जुनी बॅटरी

बॅटरी मेली की ती परसात टाकू नका. तिच्यात शिसे असते. शिसे हे विष आहे. ते लहान मुलांच्या अंगात गेले, तर त्यांची बुद्धी मंद होते. बॅटरी फोडून शिसे वितळवणारे लोक असतात. त्यांच्या हाती ती देऊ नका. ॲसिड ओढ्यात ओतू नका. नवी घेताना जुनी दुकानदाराला द्या. तो तिचे पैसे नव्या किमतीतून वजा करतो. सन २०२२ च्या सरकारी नियमांप्रमाणे, वापरलेल्या बॅटऱ्या परत जमा करून घेण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्यांवर आहे.

मंडळी, आता आवरते घेतो. घरी गेल्यावर एक काम करा. तुमच्या घरातल्या प्रत्येक दिव्यावरचा, पंख्यावरचा, टीव्हीवरचा वॅटचा आकडा वाचा. वहीत एकाखाली एक लिहा. बेरीज करा. मुलांना जवळ बसवा. एक हजाराला त्या बेरजेने भागा. आपल्याला किती उजेड लागतो आणि तो किती वेळ पुरेल, हे तुमचे तुम्हालाच कळेल. मग दुकानात जा. मग तुम्हाला कोणी नको ती वस्तू गळ्यात बांधू शकणार नाही.

पुढच्या वर्गाला येताना ती वही बरोबर आणा. आपण सगळ्यांच्या बेरजा फळ्यावर मांडू.